बाईंची लाथ

छापखान्यातल्या टायपिस्टबाईंना कॉम्प्युटर कितपत कळतो याबद्दल दोन मतं होती, पण कॉम्प्युटरला बाई पुरत्या कळल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या हातून तो सुरूच होत नसे. सकाळी बाई पर्स खुंटीला अडकवत, खुर्चीत बूड टेकवत आणि टेबलाखालच्या त्या डबड्याला म्हणत, "ऊठ मुडद्या!" मग एक सणसणीत लाथ, मग बटण. लगेच आत पंखा घरघरू लागे आणि पडद्यावर उजेड पडे. लाथ मारीन तिथे पाणी काढीन म्हणणारे पुष्कळ असतात. बाई रोज वीज काढत.

मालक देहाने मोठे आणि धीराने लहान. बाई एकदा तापाने घरी राहिल्या, तेव्हा त्यांनी सगळं जसंच्या तसं करून पाहिलं. शिवी तीच, लाथ तीच, बटण तेच. कॉम्प्युटर ढिम्म. मालकांचा अंगठा तेवढा टोमॅटोएवढा सुजला. मग मेकॅनिक आला. त्याने डबा उचलून आपल्या दुकानात नेला, तिथल्या वायरला लावला, तर ते बेणं पहिल्या बटणात सुरू! छापखान्यात आणून ठेवलं की पुन्हा मेलेलं. दोन खेपांनंतर मेकॅनिकने हात टेकले.

"मशीन ठणठणीत आहे, मालक. बाईंचा पायगुण म्हणा आणि गप्प बसा."

मालकांना ते पटलं. स्वतःच्या डोक्यापेक्षा दुसऱ्याच्या पायावर त्यांचा जास्त विश्वास होता.

खरी गोष्ट फक्त बाईंना माहीत होती. डब्याच्या पाठीमागे जी विजेची वायर खोचतात, तिचं तोंड सैल झालं होतं, बस्स. पहिली लाथ बाईंनी खरोखरच चिडून मारली होती. तेव्हा उजवा पाय पुढून बसला, डावा पाय डब्याच्या मागे गेला, त्याच्या धक्क्याने वायर आत गेली आणि कॉम्प्युटर सुरू झाला. काही दिवस बाईंनाही तो आपल्याच लाथेचा प्रताप वाटला. मग एकदा कानातलं खाली पडलं, म्हणून त्या टेबलाखाली शिरल्या आणि त्यांना ती वायर लोंबकळताना दिसली. "मालक, वायर ढिली आहे," असं ओरडणार, तेवढ्यात वरून मालकांचाच आवाज आला. ते प्रुफं तपासणाऱ्या म्हाताऱ्याला सांगत होते, "उद्यापासून तुमची गरज नाही." म्हाताऱ्याचा अख्खा जन्म त्या खुर्चीत गेला होता. त्याला साधा चहासुद्धा विचारला नाही.

बाईंनी तोंडातलं वाक्य गिळलं. त्या दिवसापासून संध्याकाळी निघताना त्या डाव्या पायाच्या अंगठ्याने वायर सैल करत आणि सकाळी त्याच अंगठ्याने आत ढकलत. उजव्या पायाची लाथ नुसती बघणाऱ्यांसाठी. आपल्या पोटावर कुणी पाय देण्याआधी बाईंनी आपला पाय कामाला लावला होता.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मालकांची मेहुणी आली. नवऱ्याने घराबाहेर काढलं म्हणून बहिणीच्या आश्रयाला आलेली, टायपिंग शिकलेली आणि सावलीलाही घाबरणारी. मालकीणबाईंनी नवऱ्यामागे टुमणं लावलं आणि मालक बाईंपाशी येऊन गोड हसले.

"बाई, तुमचंही आता वय झालं. हिला तेवढी लाथ शिकवा आणि आराम करा."

आराम करायला बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती आणि नोकरी शोधता शोधता टक्कल पडू लागलेला मुलगा होता. चूल पेटत होती ती एकट्या बाईंच्या पगारावर. तरी बाई निर्धास्त होत्या. लाथ शिकवायची, अंगठा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा छापखाना तमाशा बघायला जमला. मेहुणी खुर्चीत बसली आणि "ऊठ, मुडद्या," असं इतक्या हळू म्हणाली, की जणू वडीलधाऱ्यांना जेवायलाच उठवत होती. सगळे खो खो हसले. तिने लाथ मारली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही.

"अगं, दोन वेळा जेवतेस ना आमच्याकडे?" मालक म्हणाले. "मग जोर लाव की!"

तिने मान खाली घातली. एक थेंब कीबोर्डवर पडला.

बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. खरं तर मनात उकळ्या फुटायला हव्या होत्या, पण फुटल्या नाहीत. बाईंना पोरीची दया आली, मालकांचा संताप आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या डाव्या अंगठ्याचा.

"व्हा बाजूला सगळे! मशीन बुजतंय," म्हणत त्यांनी गर्दी हाकलली आणि त्या मेहुणीच्या कानाशी वाकल्या. "मागे वायर आहे बघ. पायाने आत ढकल."

पंखा घरघरला. पोरगी डोळे मोठे करून बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच. पण लाथ सोडू नकोस. लोकांना तीच कळते."

मालकांनी दारातूनच टाळ्या वाजवल्या आणि बाईंना आरामासाठी शुभेच्छा दिल्या. बाईंनी खुंटीवरची पर्स काढली. घरी जाताना भर रस्त्यात त्यांनी कॉम्प्युटरसाठी राखून ठेवलेल्या सगळ्या शिव्या स्वतःला दिल्या.

सकाळी त्या सासूचं अंग पुसत होत्या, तोच मालक लंगडत दारात हजर.

"बाई, चला. सुरू होत नाहीये. तिने मारल्या, मीसुद्धा मारली."

छापखान्यात मेहुणी म्हाताऱ्याच्या रिकाम्या खुर्चीत बसली होती. समोर प्रुफांचा गठ्ठा.

"मला नाही जमत, भावोजी," ती म्हणाली. "काल चुकून झालं असेल. बाईच हव्यात. मी आपली प्रुफं बघते. चुका केवढ्या राहतात, गिऱ्हाईकं किती ओरडतात!"

मालकांनी नाइलाजाने मान हलवली आणि ते पायाला लावायला बर्फ आणायला गेले.

बाई खुर्चीत बसल्या. अंगठा डब्यामागे नेला, तर वायर काही लागेना. त्या वाकल्या. वायर पूर्ण उपसून, व्यवस्थित गुंडाळून, रबरबँड लावून त्यांच्या पाय ठेवायच्या पाटावर ठेवलेली होती.

बाईंनी ती जागेवर खोचली आणि पाय उचलला.

"जरा जपून मारा हं," प्रुफावरची नजर न काढता मेहुणी म्हणाली. "आता दोघींचं पोट आहे त्याच्यावर."

बाईंनी लाथ जपून मारली. शिवी मात्र पोटभर दिली.