जमिनीतलं तेल, घाण्यातलं तेल

मी ज्या घरात एक हिवाळा राहिलो, त्या घरात माझं काम फसावं म्हणून रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लागत होता. त्या माणसांची आठवण आली की अजून जीव हळवा होतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. जमिनीखाली तेल असेल का, हे वरच्या दगडांवरून ताडायला खात्यानं मला गोंडपिपरीच्या पुढं, चांद्याच्या जंगलात धाडलं. पहिलीच नेमणूक, त्यामुळं डोक्यात हवा भरपूर. बल्लारपूरला गाडीतून उतरून बैलगाडीनं गाव गाठलं, आणि खोली मिळाली ती नेमकी घाणेवाल्याच्या घरात. अंगणात लाकडी घाणा, त्याला एक म्हातारा बैल. जवस, तीळ, मोहाच्या बिया, जे येईल ते घाणेवाले भाऊ गाळायचे. जवसाच्या तेलाचा तो वास सुरुवातीला सोसेना. पुढं त्यावाचून भूक लागेना.

दिवसभर मी नाल्यानाल्यानं हिंडायचो. वाळूचा दगड कुठं, चिकणमातीचा थर कुठं, थर कुणीकडं कलले, भेगा कशा गेल्या, ते टिपायचो. परतलो की घाण्याजवळून आवाज यायचा, "साहेब, लागलं का तेल?"

"नाही अजून."

"लागन, लागन. घाई कायची?" असं म्हणून भाऊ बैलाची पाठ थोपटायचे, आणि आत त्यांच्या घरच्या बाई माझ्या ताटात भात जरा जास्तच वाढायच्या. मला वाटायचं, काय धीराची माणसं आहेत!

एकदा नाल्यात थर पालथ्या टोपलीसारखे मध्ये उचललेले दिसले. तेल अडकून राहतं ते अशाच टोपलीखाली. मी नाचतच घरी आलो. "भाऊ, आज लक्षण चांगलं आहे!"

भाऊंनी बैल थांबवला. आत बाई चुलीपाशी डोळे पुसू लागल्या. भाऊ म्हणाले, "साहेब, पिप्यानं तेल निंगन, तं माह्या घान्याले कोन इचारन? त्याच्यात भजे जवसापरीस चांगले होते का?"

मी पोट धरून हसलो. "अहो, ते खायचं तेल नाही! त्यातनं घासलेट निघतं, मोटारीचं पेट्रोल निघतं."

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?" बाईंनी कपाळावर हात मारला. "इकडे मी रोज दिवा लावून राह्यली, का या साहेबाले काई सापडू नको म्हनून!"

दुसऱ्या दिवशी दोघंही माझ्या बाजूला. भाऊंनी नाल्यात येऊन त्या दगडावर नारळसुद्धा फोडला. पण दगडाला कुणाची भीड नसते. टोपलीवर झाकण होतं ते चिकणमातीच्या थराचं, आणि जमिनीच्या दाबानं ते ठिकठिकाणी तडकलेलं निघालं. खाली कधी तेल असलंच, तर ते केव्हाच निसटून गेलं असणार. वरून हुकूम आला, काम आवरा. मी रडवेला झालो. खात्यातली मंडळी टाळ्या देत ‘तेल गेलं, तूप गेलं’ म्हणणार, हे दिसतच होतं.

गाडी जुंपली तेव्हा भाऊ बाटली घेऊन आले. "घ्या. तेल पाहाले आलते ना तुमी? आमच्या गावातून बिना तेलाचे कसे जान?"

ती बाटली मी बल्लारपूरपर्यंत मांडीवर धरून आणली. खात्यात विचारलं, लागलं का तेल? मी ती टेबलावर ठेवली.

काही वर्षांनी त्या बाजूला गेलो, तर गावाच्या तोंडाशी इंजिनाची धकधक ऐकू आली. तेलाची गिरणी आली होती. अंगणातला घाणा बंद, त्याच्यावर कोंबड्या बसलेल्या. बैल नव्हता. भाऊंनी मला खाटेवर बसवलं, बाईंनी चहा टाकला.

"साहेब, ते इंजिन कायवर चालते?"

"डिझेलवर."

"ते बी जमिनीतलंच तेल का?"

मी होय म्हणालो. माझ्यानं वर बघवेना. भाऊंनी मात्र हसून आत हाक दिली, "आयकलं का वं? तुहा दिवा बरोबरच होता."