मोजून दिल्यावरची मूठ

मोखाड्याला आमचं दुकान होतं, त्या वर्षांत मी देवाचं नाव जितकं घेतलं नसेल तितकं खुरासणीचं घेतलं. बाजाराच्या आदल्या दिवशी इगतपुरीहून खोडाळ्यावरून आमच्या गाड्या परत यायच्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून ओट्यावर यायची आणि गाडीवानाला पाणी द्यायच्या आधी विचारायची, "मुंबईला खुरासणी काय भावानं?" गाडीवान हसायचा. "शेटजी विचारत नाहीत एवढं तुम्ही विचारता, शेटाणी," म्हणायचा.

त्याला काय माहीत! यजमानांना भाव म्हणजे धंदा होता. मला तो सुटकेचा मुहूर्त होता. लग्न होऊन मी नाशकाहून इथे आले आणि पहिल्याच पावसाळ्यात रडून रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा यजमानांनी शब्द दिला होता. ज्या साली खुरासणी चांगली चढेल त्या साली कोठारातला सगळा माल एकदम विकायचा, दुकान उठवायचं, आणि नाशकात माझ्या बहिणीच्या गल्लीत गाळा घ्यायचा. तेव्हापासून मी त्या काळ्या बियांवर डोळे लावून बसले.

खुरासणी म्हणजे बारीक काळी तेलबी. आमच्या नाशकाकडे तिला कारळे म्हणतात आणि चटणीपलीकडे तिची कोणी फारशी दखल घेत नाही. इथे मात्र भाताला आणि नागलीला नको असलेल्या उतारावर तीच पेरायची. आश्विनात डोंगर पिवळा व्हायचा, आणि दिवाळी सरली की पाड्यापाड्यांवरून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बाजाराला उतरायच्या. आम्ही खुरासणी मापून घ्यायचो आणि बदल्यात मीठ मापून द्यायचो. पैसा कोणी मागत नसे. ती खुरासणी गाडीतून इगतपुरीला, तिथून आगगाडीनं मुंबईला आणि पुढे आगबोटीनं विलायतेला जायची. विलायतेत तिचं काय करतात हे विचारलं तर कोणी साबण म्हणे, कोणी यंत्राचं तेल म्हणे. मुंबईतला आडत्या भाव ठरवायचा, आणि त्याला तो तिकडचा कुठला साहेब कळवायचा. दोघांनीही खुरासणीचं फूल कधी पाहिलं नसेल. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या या अशा.

खाली जव्हारात राजेसाहेब होते, दरबार होता, दसऱ्याची मिरवणूक होती. आमच्या वाट्याला मोखाड्याचा बाजार, तोही आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस शेजाराला एका बाजूला आमचंच कोठार आणि दुसऱ्या बाजूला उंबराचं झाड. यजमान माल घेऊन इगतपुरीला गेले की बाजार चुकवून यायचे नाहीत असं म्हणायचे आणि हमखास चुकवायचे. मूलबाळ नव्हतं. बाजाराला येणाऱ्या बायका आपसात जे बोलायच्या त्यातलं निम्मं मला कळायचं नाही, आणि मी बोलले की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा दुपारी मी मांजराला मुंबईचा भाव सांगत होते हे माझ्याच लक्षात आलं आणि मला माझी लाज वाटली.

पोशेऱ्याच्या पाड्यावरची एक म्हातारी होती; ती मला पहिल्यांदा दिसली ती भांडणातच. यजमान आत होते, मापावर मी होते. तिची टोपली मी मापली, एक न म्हणता "लाभ" म्हणून पहिलं माप ओतलं, पुढची मोजली, मीठ दिलं. मीठ फडक्यात बांधून झाल्यावर ही बाई वाकली, आमच्या ढिगात हात घातला, मूठभर खुरासणी काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. माझ्या डोळ्यांदेखत!

मी तिचं मनगट धरलं. "म्हातारे, मोजून दिलं ना? मीठ घेतलंस ना? मग हे काय?"

तिनं हात सोडवला नाही, की रागावलीही नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "ती घरची हाय, बाय."

"घरची होती. आता आमची."

"तुजीच. पन घरची हाय."

असं बराच वेळ चाललं. ओट्यावरच्या बाकीच्या बायका मजा बघत बसल्या. शेवटी यजमान बाहेर आले आणि माझा हात बाजूला करून म्हणाले, "अगं, सोड. सगळेच घेतात. त्यांची रीत आहे. पिकलं ते सगळं यांची कणसरी, घरची देवी. ती घर सोडून बाजाराला निघाली की मूठभर परत न्यायची, म्हणजे गेलेलीला घर आठवतं, ती पुढच्या साली परत येते."

"आणि आपलं नुकसान?"

"मुठीचा हिशेब मी भावात धरलेला असतो," असं म्हणून ते आत गेले. आमचे यजमान देवाधर्माला नाही म्हणत नसत, पण तोट्यात कधी जात नसत.

पुढच्या बाजाराला म्हातारी आली तेव्हा मी मुद्दाम तोंड फिरवून बसले. तिनं मूठ घेतली. मग ती लगेच उठली नाही; ओट्याच्या कडेला बसून राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. "तुजा गाव कुठं?" तिनं विचारलं. मी नाशिक म्हटलं. तिला ते कुठेसं आहे हे कळलं नाही. "मूठ ठेवली काय तुज्या आयसनं?" म्हणाली. मला हसू आलं. मी म्हटलं, "आमच्यात मुली देतात त्या मापून देतात आजी, मूठ मागे ठेवत नाहीत." तिनं मान हलवली आणि गेली. मला वाटलं, हिला काही समजलं नाही.

मग ते वर्ष आलं. त्या साली खुरासणी खरोखरच चढली. फाल्गुनात गाडीवानानं भाव सांगितला तेव्हा मी दोनदा विचारून घेतला. कोठार भरलेलं होतं. मी त्याच दिवशी ट्रंक बाहेर काढून पुसली. यजमान मात्र ताकास तूर लागू देईनात. "अजून चढेल. आडत्या म्हणतोय जरा थांबा," एवढंच. चैत्र गेला, वैशाख गेला. मी म्हटलं, अहो, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये. ते म्हणाले, तुला धंद्यातलं काय कळतं! ज्येष्ठात पाऊस आला, घाटाचा रस्ता बंद झाला, आणि माल कोठारातच राहिला. ट्रंकेवर बुरशी आली.

त्याच पावसाळ्यात विलायतेकडे लढाई लागली. बातमी आमच्यापर्यंत पोचली तेव्हा ती शिळी झालेली होती. रस्ता उघडल्यावर पहिली गाडी आली तेव्हा मी ओट्यावर उभी होते. मी विचारायच्या आधीच गाडीवान म्हणाला, "विचारू नका, शेटाणी. आगबोटीच नाहीत. आडत्यानं सांगितलंय, पोतंही पाठवू नका आणि नवं घेऊही नका."

यजमान दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते आडत्याच्या हातापाया पडायला मुंबईला गेले आणि बाजार माझ्यावर सोडून गेले.

बाजाराच्या दिवशी नेहमीसारख्या टोपल्या आल्या. त्या बायकांना कुठली लढाई आणि कुठल्या आगबोटी! पीक चांगलं होतं, उतार पिवळे झाले होते, पाऊस वेळेवर पडला होता. मी ओट्यावर उभी राहून सांगत होते, भाव नाही, घेत नाही. त्या एकमेकींकडे बघत होत्या. म्हातारी पुढे आली. टोपली खाली ठेवून तिनं तिच्यातून चिमूटभर बी उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"किडली हाय काय?"

"नाही आजी."

"ओली हाय?"

"नाही गं. चांगली आहे. तिकडे साहेब लोक लढताहेत."

"मग त्यात कणसरीनं काय केलां?"

मी म्हटलं, नाही घेत. घरचं थोडं मीठ देते, टोपली परत ने. मीठ तिनं घेतलं नाही. बदल्यात काही दिलं नाही तर कशाला घ्यायचं, असं तिचं म्हणणं. टोपली तिनं डोक्यावर चढवली. मी, का कोण जाणे, म्हटलं, "आजी, मूठ राहिली."

"जातच नाय ती, तर मूठ कशाला? जानाऱ्याची घ्यायची," ती म्हणाली आणि टोपली घेऊन चढणीला लागली. मी आत येऊन दार लावलं आणि खूप रडले. तिच्यासाठी नाही, खोटं कशाला बोलू. मी माझ्यासाठीच रडले. माझीही पाठवणी रद्द झाली होती.

कोठारातली खुरासणी खवट व्हायला लागली तेव्हा यजमानांनी ती तेल्याच्या घाण्यावर पाठवली. तेल कोणी विकत घेईना. त्या साली आमच्या घरात दिव्याला तेलाची ददात नव्हती. त्या दिव्यापुढे बसून बोलायला मात्र कोणी नव्हतं. यजमान उरलेल्या भांडवलाची जुळवाजुळव करत खोडाळा-इगतपुरी करत राहिले. मला त्यांचा राग यायचा, आणि ते खंगून परत आले की दयाही यायची. दोन्ही एकदम असलं की माणसाशी काही बोलताच येत नाही.

पुढची वर्षं अशीच गेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं मीठ महाग झालं, कापड महाग झालं, आणि खुरासणीला तेवढा भाव नाही. आम्ही थोडीथोडी घ्यायचो, कमी मीठ द्यायचो. बायका कुरकुरायच्या, पण जायच्या कुठे? म्हातारीची टोपली निम्मीच असायची. मी मापायची, ती मूठ घ्यायची, आणि मग ओट्यावर बसायची. मी कधी बोलायची, कधी नाही. आता तिचं बोलणं मला सगळं कळत होतं, पण आमचं बोलणं असायचं काय? नागली कशी आली, बैलाला काय झालं, तुझे शेट कवा येतील. बहिणीच्या गल्लीतल्या गप्पा त्या नव्हेत. बाजार उठला की ती डोंगराकडे चालू लागायची आणि मी पुन्हा एकटीच्या एकटी. मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं की या गावात माझं कोणी नाही.

लढाई संपली. आगबोटी पुन्हा सुरू झाल्या आणि भाव असा चढला की यजमानांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. या खेपेला ते थांबले नाहीत. माल विकला, दुकान एका वाण्याला दिलं, आणि होळीनंतरचा दिवस ठरला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं तेव्हा मला वाटलं होतं मी नाचेन. मी भांडी भरत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं.

निघायचा दिवस बाजाराचा नव्हता. सकाळी गाडी दारात उभी केली. रस्त्यात रांधायला म्हणून तांदळाचं गाठोडं मी वरच ठेवलं होतं. यजमान वाण्याला किल्ल्या देत होते. निरोप द्यायला कोणी येणार नाही हे मला माहीतच होतं, तरी मी रस्त्याकडे बघत होते.

उतरणीवरून म्हातारी आली. डोक्यावर टोपली नव्हती. लांबून घाईनं आल्यामुळे तिला दम लागला होता. गाडीच्या मागच्या बाजूला गेली, माझं गाठोडं सोडलं, त्यातून मूठभर तांदूळ काढले आणि पदराच्या टोकाला गाठ मारायला लागली.

गाडीवान नवा होता. तो ओरडला, "ए म्हातारे! काय घेतेस? शेटाणी, बघा, तांदूळ चोरतेय!"

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. गाठ नीट ओढून घेतली, दातांनी आवळली, आणि मग म्हणाली, "घरची हाय ती."

गाडीवानाला वाटलं ती तांदळाबद्दल बोलतेय. "घरचे कुठले, शेटजींचे आहेत!" तो म्हणाला. मी हात वर करून त्याला थांबवलं. यजमान किल्ल्या देऊन आले, गाडीत बसले, आणि आता तरी हसशील का, असं मला म्हणाले. गाडी खोडाळ्याच्या रस्त्याला लागली. मी मागे तोंड करून बसले होते. ती उंबराखाली उभी होती, आणि पदराची गाठ तिनं मुठीत धरली होती.