विसरणारा डबा

त्या वर्षी मी इतकी दमले होते, की सातपूरच्या स्टॉपवर बस येऊन थांबली तरी बाकावरून उठवत नसे. काम काय, तर खुर्चीत बसून एक प्रोग्राम दुरुस्त करणं. बसल्या जागी कोण दमतं, असं घरच्यांना वाटायचं. त्यांना समजावून सांगायचाही मला कंटाळा आला होता.

आमची कंपनी लहानशी. लसीच्या फ्रिजला लावायचा एक डबा आम्ही बनवायचो. आत किती थंड आहे याची नोंद तो दिवसरात्र ठेवायचा. ही नोंद राहायची फ्लॅश मेमरीत, म्हणजे लाइट गेली तरी न विसरणाऱ्या चिपमध्ये. त्या मेमरीशी डब्याच्या मुख्य चिपने कसं बोलायचं, लिहिताना-वाचताना किती थांबायचं, हे सांभाळणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला होता. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. तेवढ्यात मुख्य चिप बनवणाऱ्यांनी जुनी पिढी बंद केली आणि नवी आणली. नव्या चिपवर आमचा डबा एकदा बंद करून चालू केला की आधीचं सगळं विसरायचा. पाटी कोरी.

महिनोन्महिने मी नव्या चिपची माहितीपत्रकं चाळली. नवी पिढी लहरी आहे, हिला धीर नाही, असं जेवणाच्या सुट्टीत समोर बसेल त्याला ऐकवलं. टेबलावर उजवीकडे नव्या चिपचा बोर्ड, डावीकडे जुन्या चिपचा. तोच प्रोग्राम दोघांवर, आणि जुना कधी म्हणून चुकायचा नाही. साहेब येता-जाता म्हणायचे, "जुनं ते सोनं, मॅडम." हातातली सोल्डरिंग गन त्यांना फेकून मारावीशी वाटायची.

त्या जुन्या बोर्डाचा आम्ही देवच केला होता. चालत्या वस्तूला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. बंद-चालू करायचा तो फक्त बटणाने. लाइट गेली तरी तो इन्व्हर्टरवर जागाच असायचा. त्याची वीज पुरती तुटलेली मी कधी पाहिली नव्हती.

याच काळात पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातून तिथल्या सिस्टरांचे मला फोन यायचे. त्यांच्याकडे आमचा जुन्या पिढीचा डबा होता. तिकडे पावसात लाइट गेली की लवकर येत नाही, डब्यातली बॅटरीसुद्धा संपते. "मॅडम, लाइट आली का डबा कोराच दिसतो," त्या म्हणायच्या. "मी हात नाय लावत त्याला, खरं सांगते." लसीचा फ्रिज लाइट नसतानाही बराच वेळ थंडावा धरतो, पण तो धरला हे दाखवायला नोंद हवी. नोंद नाही म्हणजे लस बाजूला ठेवा, त्या दिवशीचं लसीकरण बंद.

त्यांचा डबा आमच्याकडे तपासायला येऊन गेला होता, एकदा नव्हे, अनेकदा. आलेल्या डब्यात आधी प्रोग्राम नव्याने भरायचा आणि मग तपासायचं, ही आमची रीत. तपासला की तो ठणठणीत. 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून आम्ही परत पाठवायचो. त्यांच्या वरिष्ठांनी त्याचा अर्थ लावला, की फ्रिजकडे दुर्लक्ष झालं आणि ते झाकायला सिस्टरने नोंद पुसली. सिस्टरांकडून लेखी खुलासा मागवला गेला. नोकरीवर गदा यायची वेळ आली होती. हे मला सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो मला चांगलाच ओळखू आला. तरी मी म्हटलं, "सिस्टर, जुन्या चिपवर असं होत नाही हो." मला तसंच वाटत होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी साहेबांच्या मते यंत्रांना विश्रांती. सगळं पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि मेन स्विच बंद. दर वर्षी मी जुन्या बोर्डासाठी त्यांच्याशी हुज्जत घालायचे आणि इन्व्हर्टर चालू ठेवून घ्यायचे. या वर्षी भांडायचं त्राणच नव्हतं. "करा बंद," मी म्हटलं आणि प्रसादाचा नारळ घेऊन घरी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुना बोर्ड चालू केला, तर तो कोरा. कपाळावर कुंकू, आत काही नाही.

मी ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. मेमरीसाठी किती थांबायचं हा आकडा चिपला सांगणं त्याचं काम, आणि ते त्यात कुठेच नव्हतं. आमच्याकडे डब्यात प्रोग्राम भरणारं जे वेगळं सॉफ्टवेअर होतं, ते जाता जाता हा आकडा भरून जायचं, म्हणून तपासायला आलेला डबा आमच्यापुढे ठणठणीत दिसायचा. जुनी चिप वीज पुरती तुटेपर्यंत तो धरून ठेवायची, नवी दर वेळी टाकून द्यायची, आणि आकडा गेला की चिपला घाईत मेमरीतलं काही वाचताच यायचं नाही. म्हणजे नवी बिचारी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. नाचता येईना आणि अंगण वाकडं, अशातली आमची गत. एक ओळ वाढवली आणि दोन्ही बोर्ड चालले.

साहेबांनी पेढे मागवले. मी पेठच्या सिस्टरांचं सांगितलं, तसा साहेबांचा चेहरा उतरला. "नवा प्रोग्राम देऊ की त्यांना. चूक आपली होती असं लेखी कशाला?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी झालीय, साहेब."

"बघू दिवाळीनंतर."

मी पत्र टाइप केलं, त्यांच्यापुढे ठेवलं आणि टेबलापाशी उभी राहिले. पेढा हातातच होता. बऱ्याच वेळाने त्यांनी सही केली.

मग मी सिस्टरांना फोन लावला. म्हटलं, "दोष डब्यातच होता. तुम्ही खरं बोलत होता. तसं पत्र तुमच्या वरिष्ठांना पाठवलंय." मला वाटलं होतं, त्या रडतील, नाहीतर मला चार शब्द सुनावतील. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

"बरं झालं मॅडम," त्या म्हणाल्या. मागे एक पोर रडत होतं. "माझं काय, मी सोसलं. पण डबा कोरा निघायचा ना, त्या दिवशी बाया पाड्यावरनं पोरं घेऊन चालत आलेल्या असायच्या. मीच त्यांना माघारी धाडलं. त्यातल्या काही परत आल्याच नाय. कामाला लांब गेल्या. त्यांना आता मी कुठं शोधू?"

मी हातातला पेढा खाली ठेवला.

"ठेवते मॅडम," त्या म्हणाल्या, "बाया बसल्यात."