हरभऱ्याचं बटण

हिंजवडीत कंपन्या उभ्या राहत होत्या, तेव्हा लातूरकडच्या उत्तरेश्वरचं तिथं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. काचबिंदूनं नजर गेलेल्या दुर्गाबाई त्याच्याकडं टेप घेऊन आल्या. घरी चाचपडताना त्यांच्याकडून चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं होतं आणि वारलेल्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, गायलेल्या भजनाची सुरुवात पुसली गेली होती. तेव्हापासून त्या टेपला हात लावायलाही भ्यायच्या.

उत्तरेश्वरनं एका बटणावर हरभरा चिकटवला, दुसऱ्यावर तुरीचा दाणा.

“आजी, हरभऱ्यानं गाणं लागतं, तुरीनं थांबतं.”

“आन् पुसायचं बटण?”

“ते उपटूनच टाकलं.”

दुर्गाबाईंचा जन्म धान्य निवडण्यात गेलेला. त्यांनी बोट फिरवलं. “किडका हरभरा लावलास की रं मेल्या!” म्हणत त्यांनी तो स्वतःच दाबला.

मालक खणखणीत गाऊ लागले.