मोकळं टेबल

लग्नाला सहा महिने झाले असतील. मागच्या खोलीत मी बटणं शिवत बसले होते आणि पुढे दुकानात दोघं भाऊ भांडत होते. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मध्ये नुसती लाकडी फळी. कान टवकारायची गरजच नव्हती. आमचे हे म्हणत होते, "प्रत्येक रेडिओच्या झाकणात वायरींचं चित्र चिकटवतोस. उद्या गिऱ्हाईक घरीच दुरुस्त करील. आपण काय माशा मारायच्या?"

धाकटे भाऊजी म्हणाले, "दादा, पुढच्या माणसाला आत काय आहे ते कळायला नको?"

पुढचा माणूस कोण, कुठला, यावर ह्यांचा आवाज चढत गेला. भाऊजींचा चढलाच नाही, आणि तेच ह्यांना जास्त लागलं. महिन्याभरात भाऊजी दुकान सोडून वीज कंपनीत वायरमन झाले. लग्न केलं नाही. राहिले आमच्याच वरच्या खोलीत. पुढची कितीतरी वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. "वहिनी, दादाला सांगा, नळ गळतोय." दादा समोरच बसलेला असे.

हे गेले, भाऊजी निवृत्त झाले, आणि साठी उलटल्यावर भाऊजींना त्यांच्यासारखीच वेडी माणसं भेटली. विणकामाचा नमुना कसा एकीकडून दुसरीकडे जातो, कुणी बाही बदलते, कुणी गळा, आणि बदल पुन्हा सगळ्यांना सांगते? कॉम्प्युटरमध्येही असं करणारे लोक असतात म्हणे. त्याला ओपन सोर्स म्हणतात. वर्षातून एकदा ते हॉल घेतात, टेबलं मांडतात आणि आपापलं काम येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. कुठलं टेबल कुठे, कुणाशेजारी कोण, वीज कुठून, हे सगळं भाऊजी ठरवत. वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामशेजारी गाण्याचा प्रोग्राम नको, एकाचं दुसऱ्याला ऐकू जाणार नाही. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारे दाराजवळ, कारण लोक धूड उचलून आणतात. चहाची किटली कॉम्प्युटरच्या लाइनवर लावायची नाही, म्हणजे नाही. महिनाभर त्यांच्या खोलीत कागदाच्या चौकटी इकडून तिकडे सरकत.

ज्या वर्षाचं हे सांगतेय, त्या वर्षी त्यांचे डोळे गेले होते. अगदी गेले नव्हते, मधलं दिसेनासं झालं होतं, कडेचं दिसे. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागे. हे फक्त डॉक्टरला आणि मला ठाऊक. हॉलचं माप घ्यायला मी टेपचं दुसरं टोक धरून गेले आणि आकडे सांगत राहिले. चौथी पास आहे मी, आकडे येतात.

त्या लोकांची पुढारी एक नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. मुलगी कामाची, पण तोंडाची फटकळ. तिने आधीच सुचवलं होतं की काकांचं वय झालं, यंदा मांडणी कंत्राटदाराला देऊ. भाऊजींनी हे एक वर्ष मागून घेतलं होतं. काही चुकलं तर काम हातचं जाणार होतं. आणि ते गेलं की त्यांच्याकडे खिडकीतून बघण्याशिवाय काही उरत नव्हतं, आणि खिडकीतलंही अर्धंच.

कार्यक्रमाच्या दिवशी नऊ वाजता आम्ही हॉलवर पोचलो. साडेदहाला दारं उघडायची होती. दारापासून भाऊजींनी मनात अकरा पावलं मोजली आणि हातातली पिशवी टेबलावर ठेवली. पिशवी धप्पकन जमिनीवर पडली. ते जागीच थिजले. मग अगदी हळू मला म्हणाले, "वहिनी, इथं टेबल आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "टेबलच नाहीय."

"खरंच नाही ना?"

"माझे डोळे शाबूत आहेत, भाऊजी."

त्यांनी सुस्कारा सोडला. क्षणभर बरंच वाटलं असेल त्यांना. मग मी मोजलं. चौदा हवी होती, सहाच टेबलं होती.

हॉलच्या व्यवस्थापकाला बोलावलं. त्याने खिशातून भाऊजींनीच काढलेला नकाशा काढला. सहा चौकटींत कामांची नावं होती, आठ चौकटींत ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'मोकळं'. ह्या लोकांच्या बोलीत मोकळं टेबल म्हणजे आगाऊ नाव न देता आलेल्या कुणालाही बसता येईल असं टेबल. व्यवस्थापकाच्या बोलीत मोकळं म्हणजे मोकळं. त्याने आठ जागा झाडून पुसून मोकळ्या ठेवल्या होत्या. उरलेली टेबलं कोठारात होती आणि कोठाराची किल्ली घेऊन कोठारवाला भावाच्या लग्नाला गेला होता.

बाहेर पायरीवर दोन मुली मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसल्या होत्या, पाच तासांचा प्रवास करून आलेल्या. सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. कंत्राटदाराला फोन लावते म्हणाली.

"तो येईपर्यंत दुपार होईल," भाऊजी म्हणाले. "व्यासपीठ उचला."

तिथे कधीकाळी वायरिंग त्यांनीच केलं होतं. सतरंजीखाली आठ सुटे लाकडी चौरंग आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. दोन-दोन खुर्च्यांवर एक चौरंग, की झालं टेबल. व्यवस्थापक म्हणाला, मग पाहुण्यांनी भाषण कुठून करायचं? भाऊजी म्हणाले, जमिनीवरून केलं तर भाषण खाली पडत नाही. चौरंग निघायला लागले.

पण वीज सहाच जागी आणलेली. मी आसपासच्या घरांतून लांब वायरीचे बोर्ड मागून आणले आणि भाऊजी गुडघ्यांवर बसून बोर्डाला बोर्ड जोडू लागले. किटली बंद करायला लावली, दुपारपर्यंत चहा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा काही चेहरे उतरले. मी मनात देवाला म्हणत होते, आज एवढं निभावून ने. ते प्लगची भोकं अंगठ्याने चाचपत होते. सिस्टर शेजारी येऊन उभी राहिली आणि बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिली. नर्सच ती.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही."

मी पुढे व्हायला गेले, भाऊजींनी हाताने थांबवलं. "कडेचं दिसतं," म्हणाले. "तू उजवीकडे सरक, दिसशील."

ती सरकली. मग खाली बसली आणि एकेक वायर त्यांच्या हातात देत गेली. लाल, काळी, हिरवी, रंग सांगत. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी चौदाव्या बोर्डावरचा दिवा लागला. दारं उघडली, पायरीवरच्या त्या मुली पहिल्या आत आल्या.

संध्याकाळी सतरंजी गुंडाळताना तिने निकाल सांगितला. "पुढच्या वर्षी नकाशा मी काढणार, काका. तुम्ही माझ्याशेजारी बसून सांगायचं. आणि वायरीला एकट्याने हात लावायचा नाही."

म्हणजे काम अर्धं गेलं, अर्धं राहिलं. भाऊजींनी मान डोलावली. "मोकळंच्या जागी काय लिहायचं, ते मात्र आजच ठरव," एवढंच म्हणाले.

पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. थंडीत झोपेतच गेले. पण त्या संध्याकाळी, पाय दुखत असताना, घराघरांतून मागून आणलेले बोर्ड परत करायला ते निघालेच. मागून आणलेली वस्तू दुसऱ्या दिवसावर टाकणं त्यांना कधी जमलं नाही. मी सोबत गेले. शिंप्याकडे एक, पिठाच्या गिरणीत दोन, कोपऱ्यावरच्या विधवा बाईकडे एक. तिच्या बोर्डाचं एक बटण पूर्वीपासून ढिलं होतं. तिच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी तिच्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, बटण घट्ट केलं, तिला दोनदा दाबून बघायला लावलं, आणि कसं उघडायचं, कसं बसवायचं ते तिला समजावून सांगितलं.