बिनहाताचा पलंग

मेस्त्री जोडप्यांसाठी पलंग करायचे. पॉलिश वाळलं की उशाच्या फळीवर तळहात ठेवून प्रार्थना म्हणायचे. मगच पलंग दुकानाबाहेर पडायचा. त्या हातासाठी लोक लांबून येत. आता मेस्त्रींच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिचा पलंगही तिथेच घडत होता. लहानपणापासून ती त्या हाताची वाट बघत होती.

मग ते दोघे आले. दोघेही पुरुष, नुकतंच लग्न झालेलं.

"पलंग करतो की," मेस्त्री म्हणाले. "झकास करतो. पण प्रार्थना नाही म्हणणार. माझ्या धर्मात ती नवरा-बायकोसाठी आहे. मनात नाही ते ओठांवर कसं आणू?"

"खोटी आम्हालाही नको, काका," त्यांच्यातला थोरला म्हणाला. "पण मागच्याला मिळाली, पुढच्याला मिळणार. मधे आम्हीच तेवढे बिनहाताचे?"

हिशेबाच्या वहीतून मुलीने मान वर केली. नव्या कायद्याने अशी लग्नं मान्य झाली होती; दोघे तक्रार करू शकले असते. मेस्त्रींनी पलंगाची मापं लिहून घेतली. पुढे कितीतरी दिवस घास त्यांच्या हातातच राहायचा.

एका सकाळी कुलूप उघडताना ते म्हणाले, "आजपासून दुकानात प्रार्थना बंद. कुणालाच नाही."

"गिऱ्हाइकं तुटतील, बाबा."

"तुटू देत. खोटं बोलायचं नाही, आणि कुणाला वेगळं काढायचं नाही. दुसरी वाट मला तरी दिसत नाही."

गिऱ्हाइकं तुटलीच. "नुसतं लाकूड काय, कुठेही मिळतं!" असं सुनावून एक बाई तरातरा गेल्या.

त्या दोघांचा पलंग मेस्त्रींनी स्वतः जिना चढवला. वर दणकन बसून पाहिलं. "करकरला तर भांडायला या," म्हणाले. थोरला हसला. त्याने पाणी आणून दिलं.

मग मुलीच्या पलंगाचं पॉलिश वाळलं. मेस्त्री फळीपाशी उभे राहिले. हात आपसूक उचलला गेला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

"पोरी, जरा दार लोटतेस?"

हवा होता तिला तो हात. फार हवा होता.

"दार कशाला लोटायचं?" ती म्हणाली, आणि त्या हातात फडकं दिलं. "पुसा, बाबा. टेम्पो आलाय."

सासूबाईंनी पलंग उतरवतानाच विचारलं, "वडिलांनी हात ठेवला ना गं?"

"नाही," ती मान ताठ करून म्हणाली. "आमच्या दुकानात कुणालाच नाही. मलासुद्धा नाही."