परातीतला भात

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आज घरात फोडणीचा भात झाला आणि त्या वासानं भूम गावच्या आमच्या घरातली बहिणीच्या हळदीची संध्याकाळ आठवली. वहिनींनी उरलेला भात परातींत पसरला होता. पिवळ्याधम्मक हातांनी पदर खोचत त्या म्हणाल्या, "भावजी, गार होईस्तोर मांजराकडं बघा, मगच झाका."

"व्हय," म्हणालो. पण अंगणात पत्त्यांचा डाव रंगला होता. वाफाळता भातच पातेल्यात दाबून भरला, झाकण घातलं आणि खेळायला गेलो.

सकाळी वहिनींनी त्यालाच कढीपत्त्याची फोडणी दिली. दुपारपर्यंत निम्मं वऱ्हाड ओकत होतं.

"लई हौस हिला सैपाकाची," आत्या म्हणाल्या. वहिनींनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आजाऱ्यांसाठी पाण्याची कळशी उचलली. पुढं कुठल्याच कार्यात त्यांना चुलीपाशी बसू दिलं नाही.

झाकलेल्या गरम भातात जंतू वाढतात, त्यांचं विष फोडणीनंही जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. भात मी झाकला होता, हे वहिनींसमोर सगळ्या नातेवाइकांना सांगणं अजून बाकी आहे.